शेट्ये मोजणीदार आणि राईतली शेकरं

शेट्ये अण्णांनी महाडला आमच्या शेजारचं घर घेतलं, त्या दिवशी टेंपोतलं सामान उतरायच्या आधी त्यांनी आमच्या दोघांमधली कुंपणाची भिंत मोजली. टेपने नाही, पावलांनी. टाचेला चवडा लावत, ओठांत पुटपुटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खिडकीतून बघत होते. मग त्यांनी आमचं दार वाजवलं आणि ओळखपाळख काही न करता विचारलं, "बाई, ही भिंत कुणी घातली?"

"तुमच्या आधीच्या मालकांनी."

"तरीच. मागच्या अंगाला चार बोटं तुमच्यात सरकलीय. नुकसान तुमचं आहे, माझं नाही. सांगून ठेवलं."

एवढं बोलून ते सामान उतरवायला गेले. माझं नुकसान मला सांगायला आलेल्या या माणसाचा मला पुढे पंधरा दिवस संशय येत राहिला. आज चार बोटं सांगितली, उद्या कसली तरी सही मागेल, असं मी घरात बोलूनही दाखवलं. तसं काही झालं नाही. त्यांच्या मनात डाव नव्हता. त्यांना माणसांसारखाच भिंतींचाही संशय यायचा, इतकंच.

अण्णा भूमी अभिलेखच्या कचेरीत मोजणीदार होते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत त्यांनी उभी नोकरी काढली. मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे त्यांच्या लेखी मी 'बाई', आणि मला मात्र त्यांना साहेब म्हणणं कधी जमलं नाही. अंगाने काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, काखेत बारमाही छत्री. दुर्बिणीतून बघून बघून डावा डोळा कायमचा बारीक झालेला, त्यामुळे ते नुसतं 'पाऊस थांबला' म्हणाले तरी समोरच्याला आपली उलटतपासणी चालल्यासारखं वाटे.

मोजणीला जाताना ते स्वतःचं पाणी बरोबर नेत. कुणाच्या ओटीवर चहा घेत नसत. "चहा आला की माणूस जवळ येतो, आणि माणूस जवळ आला की हद्द लांब जाते," असं त्यांचं म्हणणं. घरीही तेच. दूधवाल्याचं माप ते स्वतःच्या मापात ओतून बघत. सकाळी चवदार तळ्याभोवती फेरी मारत ती पावलं मोजत. एकदा अकरा पावलं कमी भरली तर नगरपालिकेने कठडा आत घेतला असा संशय त्यांनी तीन दिवस बाळगला. चौथ्या दिवशी लक्षात आलं की चपला नव्या होत्या आणि ढांग जास्त पडत होती. तेव्हा त्यांनी चपलांच्या दुकानदाराकडे संशयाने बघायला सुरुवात केली.

नोकरीतली गोष्ट ते क्वचित सांगत. एक मात्र मी चार-पाचदा ऐकली, कारण ती त्यांच्या अभिमानाची होती.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला सडेकोंड म्हणून वाडी आहे. वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं दाट रान, आणि राईच्या वर थेट डोंगरापर्यंत गेलेलं जंगल. या दोहोंच्या मधून एक जुनी गाडीवाट जायची. डोंगरावर मुंबईकरांसाठी प्लॉट पडले, तेव्हा त्या वाटेचा रुंद डांबरी रस्ता करायचं ठरलं आणि आखणीला अण्णा गेले. वाटेच्या दोन कडांना दोन मोठी झाडं होती, एक किंजळ आणि एक बेहडा. त्यांच्या फांद्या वर एकमेकींत शिरलेल्या. तिथे सुभद्रा उतेकर नावाची बाई आडवी आली.

"साहेब, ही दोन झाडं सोडा. रस्ता राईच्या खालनं घ्या."

"खाली तर भाताचं खाचर आहे."

"माझंच हाय. त्यातनं घ्या. पन ही झाडं नको. यांच्यावरनं शेकरं राईत येतात-जातात."

अण्णांनी सातबारा काढून बघितला. वरचा झाडांचा तुकडा तिच्या नवऱ्याच्या नावावर, आणि खालचं खाचर तिच्या दिराच्या नावावर. दीर मुंबईला नोकरीत. म्हणजे बाई स्वतःची झाडं वाचवून रस्ता गैरहजर भाऊबंदाच्या भातात ढकलायला निघाली होती. वर देवीची राई पुरेना म्हणून खारीलाही मध्ये आणत होती. अण्णांनी तिचा जबाब घेतला आणि खाली शेरा मारला: 'हरकतीत तथ्य नाही. हरकतदार हिचा हेतू संशयास्पद.' दोन्ही झाडं पडली आणि रस्ता झाला.

"असे लोक असतात बाई," ते मला म्हणायचे. "शेकरू म्हणे."

मीही हसले होते. आज ते आठवलं की लाज वाटते. जंगलाचे तुकडे झाले की तुकड्यांत अडकलेले प्राणी एकमेकांना मुकतात आणि हळूहळू संपतात, हे मी दर वर्षी नववीच्या मुलांना शिकवते. धड्यात त्यावर सहा ओळी आहेत. त्या सहा ओळी आणि सुभद्रावहिनींची दोन झाडं यांचा संबंध माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही.

निवृत्त झाल्यावर अण्णांना करमेना. मग सडेकोंडच्या एका प्लॉटवाल्याने त्यांना बोलावलं. त्याचे हद्दीचे दगड कुणीतरी हलवतं अशी त्याची तक्रार होती. अण्णांना याहून गोड आमंत्रण मिळालं नसतं. सकाळच्या एसटीने जायचं, राईच्या कडेला छत्री उघडून बसायचं, आणि दगडांवर नजर ठेवायची. दगड हलवणारी एक म्हैस निघाली. ती पाठ घासायची. पण तोवर त्यांना राईतली शेकरं दिसली होती.

शेकरू म्हणजे आपल्या घराजवळच्या खारीसारखं मुळीच नाही. हातभर अंग, त्याहून लांब शेपूट, तांबूस-तपकिरी पाठ आणि पिवळसर पोट. सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. अण्णांना त्याच्या देखणेपणाशी कर्तव्य नव्हतं. समोर आलेली गोष्ट मोजायची, या सवयीने त्यांनी ती मोजली. सात भरली. पुढच्या वर्षी पाच. त्याच्या पुढच्या वर्षी चार.

"बाई, राईतून चोरी होतेय," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

पुढची दोन वर्षं या चोरीच्या तपासात गेली. पहिला संशय प्लॉटांच्या राखणदारावर. तो वारकरी निघाला, माळकरी. कांदासुद्धा खात नव्हता. मग एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं. वाडीतून तीन-चार मोटारसायकली दुपारच्या पाळीला खाली उतरायच्या. अण्णांनी एक दिवस रस्त्यात छत्री आडवी धरली आणि डबे उघडायला लावले. मी त्या दिवशी रविवार म्हणून बरोबर गेले होते, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं.

"अण्णा, सुकट हाय," एक पोरगा शांतपणे म्हणाला. "खाता काय थोडी?"

"शेपूट असलेली नाही ना?"

"शेपटासकटच असते ती."

पोरं हसत निघून गेली. अण्णा हसले नाहीत. सुकटीचा वास घेऊन त्यांनी डबा बंद करून दिला होता. तिकडे वाडीलाही त्यांचा संशय यायला लागला होता. एक म्हातारा मोजणीदार, ज्याला आता कचेरी नाही, तो दर आठवड्याला येऊन राईकडे टक लावून काय बसतो? कुणी म्हणे प्लॉटवाल्याला राई विकायचीय, हा मोजून ठेवतोय. कुणी म्हणे जंगल खात्याने बसवलाय. शेकरू दिसलं म्हणून कागदावर आलं की उद्या रान बंद, आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लागणारी कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचीही बंदी. पाणी मागितलं असतं तरी अण्णांना तिथे कुणी दिलं नसतं, पण ते मागायचे नाहीत, त्यामुळे हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही.

एका पावसाळ्यानंतर सुभद्रावहिनींच्या कुत्र्याच्या तोंडात शेकरू सापडलं. मेलेलं. अण्णांना चोर मिळाला. आखणीच्या दिवसानंतर ते त्यांच्या अंगणात पहिल्यांदाच गेले, छत्री टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, कुत्रा तुमचा."

सुभद्रावहिनी नाचणी पाखडत होत्या. पन्नाशीपुढची बाई, बोलायला सावकाश. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "कुत्रा झाडावर चढतो काय, साहेब?"

"म्हणजे?"

"शेकरा खाली उतरला म्हून त्याला गावला. त्या कुत्र्याला काय बघता. शेकरा खाली का उतरला, ते बघा."

त्या एवढंच बोलल्या. आखणीचं, जबाबाचं, झाडांचं नाव काढलं नाही. मी फाटकात उभी होते. वहिनी काही विसरल्या नव्हत्या हे मला दिसत होतं. अण्णांना दिसलं की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर अण्णांनी जागा बदलली. राईकडे तोंड करून बसायचे, ते रस्त्याच्या कडेला बसायला लागले. चौथ्या दिवशी दुपारी ते थेट माझ्या शाळेत आले. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, शेकरू किती लांब उडी मारतं?"

"चांगली मारतं. एका झाडावरून शेजारच्या झाडावर सहज."

"आणि सतरा ढांगा? रस्ता तेवढा रुंद आहे."

मी मान हलवली. तेव्हा त्यांनी काय बघितलं ते सांगितलं. एक शेकरू राईतल्या शेवटच्या ऐनाच्या झाडाच्या शेवटच्या फांदीवर आलं. फांदी वाकेपर्यंत पुढे गेलं. पलीकडच्या जंगलाकडे बराच वेळ बघत बसलं आणि मागे फिरलं. सकाळपासून तीनदा. पलीकडच्या आंब्यावर दुसरं एक ओरडत होतं.

"कुणी चोरत नाहीये त्यांना," मी म्हटलं. "कोंडलीत ती. बाहेरचं कुणी आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. तेवढ्याच झाडांची फळं, आणि सगळी एकमेकांची भावंडं. फळ आलं नाही त्या वर्षी एखादं धीर करून जमिनीवरून जायला बघतं, आणि कुत्र्याला सापडतं."

अण्णांनी काखेतली छत्री जमिनीवर टेकली. मग म्हणाले, "रस्ता मी आखला."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. पण त्याच महिन्यात सुभद्रावहिनींचा दीर मुंबईची नोकरी संपवून गावी कायमचा आला आणि अण्णांनी त्याला गाठलं. मला वाटतं, निदान बाईचा हेतू वाईट होता एवढं तरी त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. दीर साधा माणूस. तो म्हणाला, "खालचं खाचर? ते वहिनीचंच. बापाच्या म्होरं तोंडी वाटप झालेलं. कागदावर माझं नाव ऱ्हायलंय, बदलायला कोन जातो तालुक्याला."

म्हणजे ती बाई खरं बोलत होती. आपलं पिकतं खाचर रस्त्याला द्यायला ती तयार होती, दोन झाडं वाचावीत म्हणून. कोकणात निम्म्या वाटण्या तोंडी असतात, हे ज्याला तालुक्यात सगळ्यांत जास्त ठाऊक, त्या माणसाने त्या दिवशी कागदावर विश्वास ठेवला होता.

अण्णा वहिनींच्या अंगणात पुन्हा गेले. "मी चुकीचं लिहिलं," म्हणाले. माझ्या ऐकण्यात त्यांनी हे वाक्य त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

"आता काय त्याचं," वहिनी म्हणाल्या. "झाड लावलंय मी दोन्ही अंगाला. पन ते वाढंस्तवर शेकरा थांबंल काय?"

त्या वेळी राईत दोनच शेकरं उरली होती. एक नर, एक मादी, असं अण्णांचं मत. झाडावर राहणाऱ्या प्राण्यांसाठी काही ठिकाणी रस्त्यावरून दोर बांधतात असं मी वाचलं होतं, ते मी सांगितलं. अण्णांनी सुंभाचा जाड दोर आणला, दोन पदरी, मध्ये आडव्या काठ्या. पण राईतल्या झाडाला दोर बांधायचा तर गावकीची परवानगी हवी. गावकी देवळापुढे बसली. अण्णा उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना लोकांना आपल्यावर विश्वास ठेवा असं सांगायची पाळी आली. त्यांना ते मुळीच येत नव्हतं.

"तुमाला काय मिळनार यातनं?" एकाने विचारलं.

"काही नाही."

"काय मिळत नाय तर करता कशाला?"

 कागद आणा, कुठल्या खात्याचं हाय ते सांगा, दोर बांधल्यावर राई कुनाची, प्रश्न येत गेले. शेकरं मेली काय नि जगली काय, साहेबाला आत्ताच कसा पुळका आला, असं कुणीतरी मागून म्हणालं. ते त्यांच्या तोंडावर बसलं. शेवटी गावकीने ठरवलं की देवीला कौल लावायचा. पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाने पाकळ्या लावल्या. अण्णा पुढच्याच रांगेत. डावा डोळा बारीक करून ते गुरवाच्या बोटांकडे बघत होते. गुरवालाही ते कळत होतं. त्याने हात धुऊन दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवले. घटका गेली. एकही पाकळी हलेना. माणसं कंटाळून कुजबुजायला लागली. तेव्हा सुभद्रावहिनी उठल्या, "वारा लागतोय दिव्याला," म्हणाल्या, आणि डावीकडचा दिवा उचलून उजव्या अंगाला पाषाणाजवळ ठेवला. वात थोडी वर केली आणि जागेवर येऊन बसल्या.

वारा अजिबात नव्हता. दिव्याच्या आचेने ओली पाकळी सुकते आणि सुकली की सुटते, एवढं विज्ञान मला कळतं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा डोळा दिव्यावरून पाकळीवर गेला, पाकळीवरून वहिनींवर. त्यांना सगळं दिसलं होतं. ज्या माणसाने चार बोटांसाठी शेजाऱ्याचं दार वाजवलं, त्याचा हात आता वर जाणार आणि हरकत नोंदवली जाणार असं मला वाटलं.  उजवी पाकळी पडली. अण्णांनी हात जोडले आणि मान खाली घातली.

परतताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते.  घाट उतरल्यावर ते आपणहून म्हणाले, "दिवा उजवीकडेच बरा होता." मी हो म्हटलं.

शिमग्याला मुंबईहून आलेल्या पोरांनी दोर बांधला. 'टाईट कर भाई, और थोडा,' असं ओरडत दोघं राईतल्या ऐनावर आणि दोघं पलीकडच्या आंब्यावर चढली. खालून गवताने भरलेला ट्रक जाईल इतका उंच दोर त्यांनी ताणला. त्यानंतर अण्णा दोन महिने जवळजवळ रोज गेले. शेकरू दोराच्या तोंडाशी यायचं, हुंगायचं, परत जायचं. अण्णांची तब्येत तोवर उतरली होती. डॉक्टरांनी घाटाचा प्रवास बंद सांगितला, तर त्यांना डॉक्टरांचाही संशय आला.

मे महिन्यात मी त्यांना शेवटचं तिथे घेऊन गेले. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत आणि पावसाळ्यात गेले. त्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. मादी ऐनाच्या टोकाला आली. एक पाय दोरावर ठेवला. थांबली. अण्णा तिच्याकडे बघत होते, ती अण्णांकडे. मग पाय मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा थांबली.

"बाई," अण्णा हळूच म्हणाले, "आपण बघतोय म्हणून जात नसेल ती."

हाताने जमीन चाचपत ते बसल्या जागी वळले आणि दोराकडे पाठ करून बसले. मला म्हणाले, "तुम्हीही फिरा. जाऊ दे तिला."

मी फिरले. दोघं वाडीच्या उताराकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळाने डोक्यावर सुंभ करकरला. मग पलीकडे पानं वाजली. माझी मान आपोआप वळायला लागली तेव्हा अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आम्ही दोघांनीही मागे बघितलं नाही.